गिटारचे पेडल आणि भुणभुणणारा एलिमिनेटर

नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाकडून गोकुळपेठेच्या बाजाराकडे संध्याकाळी पायी निघालात, तर भाजीवाल्यांच्या आरोळ्या आणि गाड्यांचे हॉर्न यांच्यामधून एखाद्या माडीवरची गिटारही कधी कधी कानावर पडते. समजा, अशाच एका घरात नववीत शिकणारी एक मुलगी आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आहे आणि मुंबईच्या मामाने तिला आपले जुने ‘इफेक्ट पेडल’ पाठवून दिले आहे. पेडल म्हणजे साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, धातूची एक पेटी. तिच्यावर दोन-तीन गोल खुंट्या आणि पायाने दाबायचे एक बटण असते. गिटारची वायर पेटीत एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून अँप्लिफायरला जाते. बटण दाबले, की गिटारचा गोड आवाज एकदम खरखरीत आणि दमदार होतो, किंवा दुसऱ्या जातीचे पेडल असेल तर डोंगरात हाक मारल्यासारखा घुमू लागतो.

मामाने बॅटरी मात्र पाठवलेली नाही. मुलगी टेबलाचा खण उपसते. त्यात जुन्या टेपरेकॉर्डरचा एक एलिमिनेटर सापडतो. त्यावर ‘९ व्होल्ट’ असे छापलेले आहे आणि पेडलच्या पाठीवरही ‘९ व्होल्ट’ असेच लिहिलेले आहे. मग अडचण कसली? ती पिन खुपसते आणि बटण दाबते. आता तीनपैकी एक गोष्ट घडेल. पेडलचा दिवा लागणारच नाही. किंवा दिवा लागेल, पण गिटारला हात लावण्याआधीच अँप्लिफायरमधून भुंगा अडकल्यासारखी भुणभुण सुरू होईल. किंवा पेटीतून जळका वास येईल. या तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत. चौथी एक गोष्ट पेडलच्या नव्हे, तर त्या मुलीच्या जिवाशी संबंध असलेली आहे. तिच्याकडे आपण सावकाश येऊ.

आधी हे पेडल आले कोठून ते सांगतो, कारण त्याचा जन्मच मुळी एका बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल या गावी मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ते गाणे १९६१ साली बाजारात आले. मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडलेला होता आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या वाद्याचा आवाज त्यातून फाटका, करकरीत असा उमटला. कोणीही तो पुसून पुन्हा मुद्रण केले असते! पण तो आवाज ऐकणाऱ्यांना आवडला आणि तो तसाच ठेवला गेला. पुढे ते यंत्र पुरतेच बंद पडले. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने तसाच फाटका आवाज ट्रँझिस्टर वापरून मुद्दाम कसा काढता येईल ते शोधले. त्याची मंडले घेऊन १९६२ मध्ये ‘मायस्ट्रो फझटोन’ ही पेटी विक्रीला आली. तिच्यात दीड व्होल्टचे दोन सेल बसत, म्हणजे सगळा कारभार अवघ्या तीन व्होल्टवर चाले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाने ती एका गाण्यात वाजवली, आणि मग जगभरच्या गिटारवाल्यांना अशा पेट्यांचे वेड लागले.

तीन व्होल्टचे पुढे नऊ व्होल्ट झाले, यात संगीताचा काही संबंध नाही. १९५६ च्या सुमारास खिशात मावणाऱ्या ट्रँझिस्टर रेडिओसाठी नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी बाजारात आली होती. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे, तिच्या डोक्यावर दोन्ही बटणे शेजारी-शेजारी असत आणि ती लहानशा पेटीत बसे. पेडल बनवणाऱ्यांनी ती उचलली इतकेच. आज ट्रँझिस्टर रेडिओ अडगळीत गेले, पण ही बॅटरी आणि तिचे नऊ व्होल्ट पेडलच्या जगात पक्के राहून गेले आहेत.

या बॅटरीच्या पोटात प्रत्येकी दीड व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. साध्या कार्बन-जस्ताच्या बॅटरीत ते बहुधा चपट्या वड्यांसारखे एकावर एक रचलेले असतात; अल्कलाइन बॅटरीत बहुधा सहा बारीक नळकांड्या असतात. साध्या बॅटरीत सुमारे ४०० मिलिअँपिअर-तास एवढी वीज साठवलेली असते. याचा अर्थ, पेडल एक मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल तर बॅटरी सुमारे ४०० तास चालेल. दोन ट्रँझिस्टरांचे ‘फझ’ पेडल खरोखरच इतके अल्पाहारी असते. खरखर करणारी नेहमीची पेडले चार-पाच ते दहा मिलिअँपिअर घेतात. परंतु आवाज आकड्यांत बदलून घुमवणारी आधुनिक डिजिटल पेडले ५० ते १०० मिलिअँपिअर, काही तर ३०० मिलिअँपिअरही मागतात. ४०० भागिले १०० म्हणजे चार तास, असे गणित तुम्ही कराल. पण तेही खरे ठरत नाही. इतका मोठा प्रवाह ओढला, की साध्या बॅटरीचा दाब तासा-दीड तासातच बसतो.

किमतीचा हिशेबही मजेचा आहे. ९ व्होल्ट गुणिले ०.४ अँपिअर-तास म्हणजे ३.६ वॉट-तास. घरातल्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. तेव्हा एका युनिटइतकी वीज बॅटऱ्यांतून मिळवायची झाली, तर पावणेतीनशेहून अधिक बॅटऱ्या विकत आणाव्या लागतील! बॅटरीची वीज ही जगातल्या सर्वांत महाग विजांपैकी एक आहे. तरीही पट्टीचे गिटारवादक ती सोडायला तयार नसतात. का ते पुढे कळेल.

बॅटरी वाचवण्याची एक छान युक्ती पेडलमध्येच असते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांच्या बॅटऱ्या फुकट जातात. पेडलवर चालू-बंदचे वेगळे बटण नसते. पायाचे बटण फक्त आवाज बदलते. ते बंद असले तरी आतली मंडले चालूच असतात. मग वीज बंद कधी होते? गिटारची वायर जिथे खुपसतात त्या भोकात पिनेच्या दांड्यासाठी एकाऐवजी दोन संपर्क असतात. बॅटरीची ऋण वायर त्यांपैकी एकाला जोडलेली असते. पिन आत गेली, की तिचा लांब धातूचा दांडा ते दोन संपर्क एकमेकांना जोडतो आणि मंडल पूर्ण होते. म्हणजे गिटारची पिन हीच पेडलची किल्ली! रात्री सराव संपल्यावर पिन तशीच ठेवून झोपलात, तर पेडल रात्रभर वीज पीत बसते.

आता नागपूरकर वाचकांसाठी एक प्रयोग. घरात संत्री असतीलच. एका संत्र्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि दोन बोटे अंतरावर तांब्याची जाड तार खुपसा. मल्टिमीटर लावला तर त्यांच्यामध्ये सुमारे ०.९ व्होल्ट दाब दिसेल. अशी दहा संत्री एकापुढे एक जोडा. एकाचे तांबे दुसऱ्याच्या जस्ताला, असे. झाली नऊ व्होल्टची बॅटरी! मात्र ही तुम्ही पेडलला जोडलीत, की मल्टिमीटरचा आकडा धाडकन खाली येतो. संत्र्याच्या रसातून विद्युतभारित कणांना वाट काढणे अवघड जाते, म्हणजेच संत्र्याचा अंतर्गत रोध फार मोठा असतो. समजा एका संत्र्याचा रोध १००० ओहम धरला, तर दहांचा दहा हजार झाला. पेडलने अर्धा मिलिअँपिअर मागितला, तरी ०.०००५ गुणिले १०,००० म्हणजे पाच व्होल्ट संत्र्यांतच खर्ची पडतात, पेडलला मिळतात चार. (प्रयोग झाल्यावर ती संत्री टाकून द्या. त्यांत जस्त उतरलेले असते, खाऊ नका.)

हा प्रयोग गमतीचा वाटला तरी त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. दुकानातल्या बॅटरीलाही अंतर्गत रोध असतो. नवी असताना तो थोडा असतो, बॅटरी म्हातारी होत जाते तसा वाढत जातो. म्हणून मरायला टेकलेली बॅटरी नुसत्या मल्टिमीटरवर साडेआठ व्होल्ट दाखवते आणि पेडलला लावताच सहावर येते. फझ पेडलच्या बाबतीत या अशक्तपणाने आवाज जरा मऊ, चिरका, मध्येच तुटणारा असा होतो. काही वादकांना तो इतका आवडतो, की ते अर्ध्या संपलेल्या बॅटऱ्या जपून ठेवतात! डिजिटल पेडलला मात्र असली मौज परवडत नाही. दाब ठराविक मर्यादेखाली गेला, की ते सरळ बंद पडते.

असो. आपल्या मुलीने बॅटरी आणलेली नाही, तिच्या हातात एलिमिनेटर आहे. बॅटरीचे काम काढून टाकणारा म्हणून त्याला आपल्याकडे ‘बॅटरी एलिमिनेटर’ म्हणू लागले. हल्ली अडॅप्टर म्हणतात. जुन्या पद्धतीचा एलिमिनेटर हातात घेतला तर चांगला वजनदार लागतो. त्याच्या आत लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेले रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर असते. ते भिंतीतल्या २३० व्होल्टचे नऊ व्होल्ट करते. पण ही वीज प्रत्यावर्ती असते. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. पेडलला हवा असतो एकाच दिशेने जाणारा प्रवाह. म्हणून पुढे चार द्विप्रस्थ, म्हणजे डायोड, असतात. ते उलट दिशेचा हेलकावाही सुलट करून देतात. आता प्रवाह एका दिशेने जातो खरा, पण उचक्या दिल्यासारखा, सेकंदाला शंभर उसळ्या मारत. या उसळ्या बुजवण्यासाठी शेवटी एक मोठे धारित्र बसवलेले असते. गच्चीवरची टाकी जसे नळाचे तासा-दोन तासांचे पाणी साठवून दिवसभर पुरवते, तसे धारित्र प्रत्येक उसळीत भरते आणि दोन उसळ्यांच्या मध्ये स्वतःतला साठा देत राहते.

मात्र टाकी लहान आणि वापर मोठा असेल तर पाण्याची पातळी वर-खाली होणारच. धारित्र १००० मायक्रोफॅरडचे असेल आणि पेडल १०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दोन उसळ्यांमधल्या एक शतांश सेकंदात दाब जवळजवळ एक व्होल्टने खाली येतो आणि पुन्हा वर चढतो. आता हे लक्षात घ्या, की गिटारच्या तारांखालच्या चुंबक-वेटोळ्यांतून निघणारा संदेशच मुळी व्होल्टच्या दशांशाएवढा असतो. त्याच्या शेजारी एक व्होल्टचा हा झोका! त्यातला थोडासा अंश जरी संदेशात मिसळला, तरी पेडल आणि अँप्लिफायर मिळून तो शेकडो पटींनी मोठा करतात. हाच तो भुंगा.

या भुंग्याला स्वरही आहे. सेकंदाला १०० कंपने म्हणजे पेटीच्या खर्जातली पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला सूर. पांढरी पाचची त्या सप्तकातली कंपने ९८ आहेत, काळी चारची सुमारे १०४. म्हणजे भुंगा पांढरी पाचला धरून, पण थोडा चढा बोलतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ कंपनांची आणि तिच्या शेजारची ११० ची. हा दोघींच्या मध्ये बेसूर बसतो. अमेरिकेत विजेचे हेलकावे सेकंदाला साठ आहेत. तिथला भुंगा १२० कंपनांचा, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये असतो. तोही बेसूरच!

पण आपल्याकडे पन्नासच हेलकावे कोणी ठरवले? ते जनित्रांच्या फिरण्याने ठरते. नागपूरच्या उत्तरेला कोराडी येथे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथला पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला आणि आज तिथे ६६० मेगावॉटचे अवाढव्य संच आहेत. कोळशाच्या उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन आणि टर्बाइनने जनित्रातले चुंबक फिरते ते मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास. आणि कोराडी एकटी फिरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारताचे जाळे उरलेल्या देशाशी एकतालात जोडले गेले, तेव्हापासून सगळ्या भारताची जनित्रे एकाच लयीत फिरतात. मागणी वाढली की लय किंचित मंदावते, कमी झाली की किंचित वाढते; ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखण्याची खटपट अहोरात्र चाललेली असते. १९९० च्या दशकात हीच लय भाराखाली ४९ च्याही खाली जात असे, आणि ४९ ची दुप्पट ९८! म्हणजे तेव्हा भुंगा काही क्षण अगदी सुरात पांढरी पाच लावत असला पाहिजे. धरमपेठेतल्या त्या खोलीत अँप्लिफायरमधून जे भुणभुणते, ते देशभरच्या जनित्रांचे फिरणे आहे.

आणि पट्टीचे वादक महागड्या बॅटरीला का चिकटून राहतात, तेही आता उलगडेल. बॅटरी कुठल्याच जाळ्याला जोडलेली नाही. ती समुद्रातल्या बेटासारखी एकटी आहे. तिच्यात हेलकावेच नाहीत, मग भुणभुण कोठून येणार?

एलिमिनेटरला शांत करता येत नाही असे नाही. धारित्राच्या पुढे दाब स्थिर राखणारी एक तीन पायांची चकती बसवतात. तिला ७८०९ असे नाव आहे. सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती चहाच्या दरात मिळते. तिच्या एका पायाला अकरा-साडेअकराच्या वरचा दाब द्यावा, दुसऱ्या पायातून ठाम नऊ व्होल्ट मिळतात आणि झोके शेकडो पटींनी कमी होतात. साध्या, चकती नसलेल्या एलिमिनेटरचा मात्र भरवसा नाही. त्यावर ‘९ व्होल्ट’ छापलेले असले तरी हलक्या भाराला तो अकरा-बारा व्होल्ट देतो. कारण रोहित्राचे नऊ व्होल्ट ही हेलकाव्याची एक प्रकारची सरासरी असते. हेलकाव्याचे टोक ९ गुणिले १.४१, म्हणजे १२.७ व्होल्टवर असते आणि धारित्र त्या टोकापर्यंत भरते. द्विप्रस्थांत सुमारे १.४ खर्च झाले, तरी ११.३ उरले. काही पेडलांना ते चालते, काहींची नाजूक मंडले त्याने जळतात.

आता दिवा न लागण्याचे कारण पाहू. बॅटरीला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात, तशीच एलिमिनेटरच्या गोल पिनेलाही असतात: एक आतले भोक, दुसरे बाहेरची कडा. घरात पडलेल्या बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेत, उदाहरणार्थ वाय-फायच्या डबीच्या, आतले भोक धन असते. पेडलांच्या जगात नेमकी उलट रीत आहे: आत ऋण, बाहेर धन. हा कोणाचा हेकटपणा नव्हे. एलिमिनेटरची पिन आत शिरली की बॅटरी आपोआप सुटावी, अशी सोय पेडलच्या भोकात केलेली असते, आणि ती सोडवणारी पट्टी बाहेरच्या कडेच्या संपर्काला असते. बॅटरीची ऋण वायर गिटारच्या पिनेच्या किल्लीत आधीच गुंतलेली आहे, म्हणून इथे धन वायर सोडवावी लागते. तेव्हा बाहेरची कडा धन झाली. एका स्वस्त संपर्कपट्टीमुळे सगळ्या जगाची रीत ठरली!

पेडलच्या पाठीवर एक चिन्ह शोधा. मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ आणि दोन्हींपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना अधिक-उणे. तेच चिन्ह अडॅप्टरवरही असते. दोन्ही चिन्हे जुळली तरच पिन लावायची. उलट जोडणी झाली तर चांगल्या पेडलमध्ये एक राखणदार द्विप्रस्थ असतो. काही पेडलांत तो उलटा प्रवाह अडवतो आणि दिवा लागत नाही, एवढ्यावर भागते. काहींत तो प्रवाह स्वतःवर घेऊन जळतो आणि बाकीचे मंडल वाचवतो. तोही नसेल तर मात्र जळका वास येणारच.

दाब आणि टोके जुळली, आता प्रवाह. इथे पुष्कळ जण विनाकारण घाबरतात. पेडल १० मिलिअँपिअरचे आणि अडॅप्टर १००० मिलिअँपिअरचा असला, तर पेडल जळेल का? मुळीच नाही. घराला मोठी टाकी असली म्हणून पेला आपोआप ओसंडत नाही. पेडल हवा तेवढाच प्रवाह ओढते. उलट अडॅप्टर लहान आणि पेडल मोठे असेल, तर अडॅप्टर तापतो, दाब बसतो आणि भुंगा वाढतो.

एका पेडलने कोणाचे समाधान होत नाही. दोनाची चार होतात आणि मग एकाच अडॅप्टरला माळेसारखी वायर लावून सगळ्यांना वीज देण्याचा मोह होतो. चार साध्या पेडलांना ही माळ चालून जाते. पण माळेत एखादे डिजिटल पेडल आले, की त्याचा थरथरणारा १०० मिलिअँपिअर प्रवाह सामाईक वायरीतूनच परत जातो. त्या वायरीचा रोध एक दशांश ओहम धरला, तरी तिथे दहा मिलिव्होल्टचे थरथरणे तयार होते, आणि शेजारचे फझ पेडल ते संदेश समजून मोठे करते. जुन्या जर्मेनियम ट्रँझिस्टरांच्या काही फझ पेडलांची तर तऱ्हाच न्यारी. त्यांत पेटीच्या धातूला ऋणाऐवजी धन टोक जोडलेले असते. असे पेडल माळेत घातले, की गिटारच्या वायरींच्या आवरणातून धन आणि ऋण एकमेकांना भिडतात आणि अडॅप्टरचा शॉर्ट होतो. त्याला बेट म्हणूनच राहू द्यावे. त्याला स्वतःची बॅटरी द्यावी. मोठे वादक एक विशेष पुरवठा-पेटी वापरतात. तिच्या रोहित्रावर प्रत्येक पेडलसाठी तारेचे निराळे वेटोळे असते. वीज भिंतीतूनच येते, पण प्रत्येक पेडल दुसऱ्यापासून तुटलेले राहते. माझ्या मते, तीनापेक्षा अधिक पेडले झाली की नवे पेडल घेण्याआधी ही पेटी घ्यावी. पण हे ऐकणारा गिटारवाला मला अजून भेटायचा आहे.

आता ती चौथी गोष्ट. भुणभुण घालवण्याचा एक ‘रामबाण’ उपाय स्टेजवर अधूनमधून सांगितला जातो: अँप्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन काढून टाका, भुणभुण थांबेल. आणि खरोखरच कित्येकदा ती थांबते! कारण अँप्लिफायर आणि दुसरे एखादे उपकरण असे दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेले असले, तर त्या दोन वाटांचे आणि वायरीचे मिळून एक मोठे वेटोळे होते. आसपासच्या विजेच्या चुंबकीय परिणामाने त्यात प्रवाह फिरतो आणि भुणभुणतो. एक वाट तोडली की वेटोळे तुटते.

पण ती वाट म्हणजे अर्थिंग आहे. ती पिन बाकी दोहोंपेक्षा लांब आणि जाड केली जाते, म्हणजे ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. गिटारच्या तारा वायरीच्या आवरणातून अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. अँप्लिफायरमध्ये काही बिघडून २३० व्होल्टची तार पेटीला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. गिटारच्या तारांवर २३० व्होल्ट गुपचूप येऊन बसतात. वादकाच्या पायात रबरी चप्पल असते, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. मग तो गाण्यासाठी पुढे होतो आणि धातूचा मायक्रोफोन धरतो. मायक्रोफोन जमिनीला जोडलेला असतो. एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, प्रवाह जातो. शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर तो सुमारे १५० मिलिअँपिअर होतो. जीव वाचवण्यासाठी घरात जे गळती-रोधक स्विच बसवतात, ते ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतात, यावरून १५० म्हणजे काय ते समजा. मे १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वॉन्सी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक स्टेजवर असाच मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. तेथील अर्थिंग नीट नव्हते.

आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवात आणि शाळेच्या पटांगणावर वीज बहुधा लांबून ओढलेल्या वायरीने येते, आणि त्या वायरीत तिसरी तार असेलच असे नाही. नागपुरात आणखी एक अडचण आहे. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती ओली असली तरच ती वीज नीट वाहून नेते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, काळी माती वाळून भेगाळते, पट्टीपासून सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणूनच जुनी माणसे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालत आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत. ती अंधश्रद्धा नव्हती. गॅदरिंगच्या दिवशी वायरमनदादांना ‘या बोर्डाला अर्थिंग आहे का, टेस्टरने नको, दिवा लावून दाखवा’ असे विचारायला लाजू नका. फेज आणि अर्थ यांमध्ये शंभर वॉटचा दिवा त्यांनी लावून पाहिला आणि तो लखख पेटला, तर अर्थिंग बरेचसे ठीक आहे. अर्थातच हे काम त्यांनीच करायचे, तुम्ही नव्हे.

हलक्या वजनाच्या नव्या अडॅप्टरांबद्दलही चार शब्द. त्यांत जड रोहित्र नसते. ते विजेचे सेकंदाला हजारो-लाखो वेळा तुकडे करून मग दाब उतरवतात. इतकी उच्च कंप्रता कानाला ऐकू येत नाही. पण असे दोन अडॅप्टर शेजारी आले, एकाचे तुकडे ६५,००० आणि दुसऱ्याचे ६६,०००, की दोन न जुळलेल्या तारांसारखा त्यांच्या फरकाचा १००० कंपनांचा बारीक किंकाळीसारखा सूर ऐकू येऊ शकतो. शिवाय दोन पिनांचे असे अडॅप्टर लावल्यावर गिटारच्या तारांना बोट निसटते लावले, तर कधी कधी झिणझिण्या येतात. आतले एक छोटे धारित्र गोंगाट कमी करण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते आणि त्यातून मिलिअँपिअरच्या दशांशाहूनही कमी प्रवाह गळतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये तो निरुपद्रवी असतो. रस्त्यावरच्या बिनानावाच्या अडॅप्टरमध्ये ते धारित्र कसल्या प्रतीचे आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा त्यावर गिटार लावूच नये.

आणि ऐन कार्यक्रमात लाइन गेली तर? अँप्लिफायरही बंद पडेल, तेव्हा पेडलची चिंता उरत नाही म्हणा! पण अँप्लिफायर बॅटरीवर चालणारा असेल, तर मोबाइलच्या पॉवर बँकेवरही पेडल चालवता येते. तिचे पाच व्होल्ट नऊवर चढवणारी वायर मिळते. फक्त तिच्या पिनेत आत ऋण आहे ना, ते पाहून घ्यावे. ही पॉवर बँकही बॅटरीसारखेच बेट, त्यामुळे देशभराच्या जनित्रांचा भुंगा तिच्यात नाही. अडचण एकच. प्रवाह फार कमी असला, तर ‘मोबाइल भरून झाला’ असे समजून कित्येक पॉवर बँका अर्ध्या मिनिटात झोपी जातात. एकट्या फझ पेडलचा एक मिलिअँपिअर त्यांच्या खिजगणतीतही नसतो. अशा वेळी त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या भोकात यूएसबीचा एक छोटा दिवा लावून ठेवतात. दिव्याच्या प्रवाहाने ती जागी राहते, आणि अंधारात पेडलची खुंटीही दिसते.